जमेल तसा कोर्स

कॉलेजात आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि बरोबर त्याच्याखाली हेअरड्रेसिंग शिकणाऱ्या मुलींचं सलून. मंगळवारी आणि गुरुवारी तिथे पर्म करायचे, म्हणजे औषध लावून केस कुरळे. त्या औषधाचा वास फरशीतून वर यायचा, अमोनियात नासकं अंडं फोडल्यासारखा. खिडक्या उघडायची सोय नव्हती, कारण कधीतरी रंगकाम करताना त्या चौकटीसकट रंगवून बंद करून टाकल्या होत्या. मी रुमालावर निलगिरीचे दोन थेंब घालून न्यायचे आणि दोन तास तो नाकाशी धरून बसायचे. बाकीचे लोक त्या वासात खुशाल चिप्स खायचे. मला त्या वासाइतकीच त्यांचीही शिसारी यायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लीड्सला येऊन मला दहा वर्षं झाली होती. पुण्यात बी.ए.चं दुसरं वर्ष संपलं आणि लग्न ठरलं. मुलगा इंग्लंडमध्ये डॉक्टर, मग तिसऱ्या वर्षाचं नाव कोण काढणार? इकडे आल्यावर कळलं की हिंदुस्थानी डॉक्टरांच्या वाट्याला बहुतेक तेच काम येतं जे इथल्या डॉक्टरांना नको असतं. माझे यजमान म्हाताऱ्यांच्या वॉर्डात होते आणि तिथेच राहिले. आम्हाला दोन मुली झाल्या. धाकटी पूर्ण दिवस शाळेत जायला लागली तेव्हा मी माझ्या दोन वर्षांच्या मार्कलिस्टा घेऊन युनिव्हर्सिटीत गेले.

तिथल्या बाईंनी त्या कागदांचा कोपरा दोन बोटांत धरला. ओला कागद धरतात तसा.

"हे इथे धरत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी तुमच्या भागातल्या कॉलेजात जनरल स्टडीजचा कोर्स करा. दोन वर्षांत सोळा क्रेडिटं झाली की मग आपण बघू."

कॉलेजच्या काउंटरवरची मुलगी मात्र फार गोड बोलली. मानसशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, मातीकाम, स्थानिक इतिहास, कॉम्प्युटर, आरोग्य, इंग्रजी, यातलं काहीही घ्या. सकाळी या, संध्याकाळी या. मध्येच सोडा, परत या. "इट्स एव्हर सो फ्लेक्सिबल, लव्ह." इकडे लव्ह कोणालाही म्हणतात. मी घरी येऊन हे यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं आहे की. तुझाही वेळ जाईल."

मंडळातल्या बायकांनी तर थट्टाच मांडली. आमचं मंडळ म्हणजे आसपासच्या हॉस्पिटलांतली वीस-पंचवीस डॉक्टर कुटुंबं. गणपती, दिवाळी, संक्रांत. त्यात एका सर्जनच्या बायकोचा शब्द शेवटचा. "जनरल स्टडीज म्हणजे नेमकं काय हो वहिनी?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "म्हणजे खिचडीच की! अहो, तिथे डोलवरचे, बेकारभत्ता खाणारे लोक जातात. तुम्हाला काय कमी आहे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मला स्वतःचीच चीड आली, पण हसले.

फ्लेक्सिबल या शब्दाचा अर्थ पहिल्या टर्ममध्येच समजला. वर्गाची खोली दर आठवड्याला बदलायची. स्टॅटिस्टिक्सचे सर ऑक्टोबरात गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी केटरिंग शिकवणारे एक गृहस्थ आले. ते पुस्तकातलं पान मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही काही विचारलं की घड्याळाकडे बघायचे. मातीकामाची भट्टी मोडली होती, म्हणून आम्ही मातीकामाचा 'इतिहास' शिकलो. आमचा मुख्य ट्यूटर चाळिशीचा, मोज्यांवर सँडल घालणारा माणूस. त्याला सगळंच छान वाटायचं. कोणी वर्गात जांभई दिली असती तरी तो "इंटरेस्टिंग" म्हणाला असता.

माझ्या शेजारी बसायची ती बाई पन्नाशीची होती, इथलीच, यॉर्कशरची. पंधराव्या वर्षी शाळा सोडून कपड्यांच्या कारखान्यात लागलेली. कारखाना बंद पडल्यावर ती हॉस्पिटलात साफसफाईचं काम करायला लागली, माझ्या यजमानांच्याच हॉस्पिटलात. पहाटेची पाळी संपवून ती थेट वर्गात यायची. अंगाला फिनेल आणि सिगरेटचा मिळून एक वास. उजव्या हाताची दोन बोटं पिवळी. पुढचा एक दात अर्धा. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये ती माझ्या समोर बसली, "काय गारठा आहे गं," म्हणाली, आणि बोलता बोलता स्वतःचं बिस्किट माझ्या चहात बुडवून तिने खाल्लं.

मी त्या कपाकडे बघत राहिले. वर बिस्किटाचा भुगा तरंगत होता. लहानपणापासून उष्ट्या-खरकट्याचं जे काही डोक्यात भरवलेलं होतं ते सगळं एकदम घशाशी आलं. मी म्हटलं, "मला चहा नकोच होता," आणि कप तिच्याकडे सरकवला. तिने तो आनंदाने पिऊन टाकला.

तरी तिच्याशीच जमलं. बाकीचे विशीतले, अर्धे दिवस न येणारे. तिला स्टॅटिस्टिक्स कळेना. केटरिंगवाल्या सरांनी सरासरी आणि मध्यक यांचा पार चिवडा केला होता. मी तिला वॉर्डातल्या खाटांचं उदाहरण घेऊन समजावलं. तिच्या डोक्यात ते असं चटकन बसलं की मलाच आश्चर्य वाटलं. आणि निबंध कसा लिहायचा ते मला तिने शिकवलं. पुण्यात आम्ही नोट्स पाठ करायचो, त्या पेपरात उतरवायचो, आणि फर्स्ट क्लास मिळवायचो. माझा पहिला निबंध तिने कँटीनमध्ये बसून वाचला, पानावर राख पडू न देता.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण यात तू कुठे आहेस? तुला काय वाटतं?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. माहेरी नाही, सासरी नाही, कॉलेजात तर नाहीच.

मी पुढचा निबंध घाम गाळून लिहिला. विषय होता आमच्या भागातली जुनी घरं पाडून कौन्सिलने बांधलेल्या इमारती. मी लोकांच्या दारात जाऊन विचारलं, लायब्ररीत बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली. आठ पानांत हिंदुस्थानचं नावसुद्धा नव्हतं. ट्यूटरचा शेरा आला: तुमच्या संस्कृतीचं फार सुंदर दर्शन. तिने त्याच विषयावर लिहिलं होतं, आणि ती तर त्या पाडलेल्या घरातच जन्मलेली. तिच्या निबंधावर एकच ओळ होती: स्पेलिंगकडे लक्ष द्या.

"वाचलंच नाहीये त्याने," मी म्हटलं.

"वाचलंय की," ती म्हणाली. "वर आपली नावं वाचलीत."

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात कॉलेजला नव्या माहितीपत्रकासाठी फोटो हवा होता. ट्यूटर माझ्याकडे आला. "त्या दिवशी साडी नेसून याल का? म्हणजे अगदी तुमच्या नेहमीसारख्या." मी दोन वर्षं त्या इमारतीत ट्राउझर्स आणि स्वेटर घालून येत होते. नाही म्हणायला हवं होतं. मी हिरवी कांजीवरम नेसले आणि कॉम्प्युटरसमोर बसून हसले. कॉम्प्युटर बंद होता.

ती दाराशी उभी राहून बघत होती. "मला नाही कोणी म्हणालं मॉप घेऊन ये," ती म्हणाली आणि खो खो हसली. मलाही हसू आलं. घरी जाऊन साडीची घडी घालताना मात्र तिला हात लावायची किळस वाटली, इतकी महागाची साडी असून.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, मे महिन्यात, आम्हा दोघींना एकाच दिवशी पत्र आलं. 'मातीकामाचा इतिहास' आणि 'आरोग्य आणि समाज' हे दोन विषय नव्या नियमांत बसत नाहीत. त्यामुळे तुमची सोळा नव्हे, बारा क्रेडिटं झाली आहेत. उरलेली चार पुढच्या वर्षी सोयीनुसार पूर्ण करावीत. खाली लिहिलं होतं की आमचा कोर्स लवचीक असल्याने यात अडचण येणार नाही.

ती ट्यूटरकडे गेली. मीही तिच्याबरोबर गेले. "विषय तुम्हीच सुचवले होते," ती त्याला म्हणाली. "मी पहाटे चारला उठते. आणखी एक वर्ष मी हे कसं करू?" ट्यूटरने मान तिरकी करून तिचं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मला तुमची निराशा समजते." खाली सलूनमध्ये कोणाचा तरी पर्म चालू होता.

मी घरी येऊन रडले. यजमानांनी विचारलं तेव्हा पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्यांच्या हॉस्पिटलातले एक कन्सल्टंट, म्हणजे त्यांच्या वरचे मोठे डॉक्टर, कॉलेजच्या गव्हर्निंग बॉडीवर होते, हे मला माहीत होतं. हे मला माहीत होतं, हेच मला इथे लिहून ठेवायचं आहे. पुढच्या सोमवारी ट्यूटरने मला बाजूला बोलावलं. चेहऱ्यावर तेच हसू.

"आनंदाची बातमी. तुमची पुण्यातली दोन वर्षं आम्ही आधीचं शिक्षण म्हणून धरू शकतो. चार क्रेडिटं त्यातच निघतात."

ज्या कागदांना कोणी नीट हातही लावला नव्हता ते आठवड्याभरात मोलाचे झाले होते. मी थँक यू म्हटलं. तिचं काय, हे विचारलं नाही. शब्द तोंडात आला होता, पण वाटलं, विचारलं आणि माझंही गेलं तर?

कँटीनमध्ये तिने विचारलं, "तुझं कसं झालं गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "काहीतरी नियम आहे त्यांचा."

मग तिने सिगरेट विझवली, माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "शाब्बास लव्ह. एकीचं तरी झालं." त्या थोपटण्याने माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या दिवशी तिच्या बिस्किटाने आला होता त्याहून मोठा, आणि या वेळी तिच्यामुळे नव्हे.

ऑक्टोबरात मी युनिव्हर्सिटीत जायला लागले. ती कॉलेजात परत गेली नाही. मी तिला फोन केला नाही.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या जरा आधी, मंडळातल्या एका काकूंचं ऑपरेशन झालं. आम्ही चौघी-पाचजणी त्यांना भेटायला हॉस्पिटलात गेलो. सर्जनच्या बायकोच्या हातात फराळाचा डबा, बाकीच्यांच्या हातात फुलं. लांब कॉरिडॉर, अर्धा ओला, मध्ये पिवळी पाटी. आणि मॉप घेऊन ती.

तिने मला आधी बघितलं. चेहरा उजळला. "अगं! काय म्हणतेय डिग्री?" ती मोठ्याने म्हणाली आणि पुढे आली.

मी म्हटलं, "फाइन, थँक यू." इतकंच. दुकानात मदतीला आलेल्या मुलीला म्हणतात तसं. आणि चालत राहिले. ती तिथेच थांबली.

"कोण हो ही, वहिनी?" सर्जनच्या बायकोने विचारलं.

मी मराठीत म्हणाले, "कोण जाणे. इथली क्लीनर असेल कोणीतरी."

मराठीत बोललं की इथल्यांना कळत नाही, या भरवशावर आम्ही इतकी वर्षं बसमध्ये, दुकानात, लोकांच्या तोंडावर वाटेल ते बोलत आलो होतो. पण आमच्या मराठीत मराठी राहिली होती किती? त्या सगळ्या वाक्यात तिला समजेल असा एकच शब्द होता, आणि तो मी ठसक्यात उच्चारला होता. मी मागे वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने खाली मान घालून मॉप बादलीत बुडवला आणि पिळला.

काकूंच्या खाटेशी बसून मी चकली खाल्ली. त्या चकलीची चव काय होती ते मला सांगता येणार नाही. तोंडात कोरडं पीठ फिरत होतं आणि ते खाली उतरत नव्हतं.

पुढचे आठ दिवस मला स्वतःचा सहवास नकोसा झाला. आरशासमोर केस विंचरतानासुद्धा नजर चुकवायचे. नवव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. विटांच्या चाळीसारख्या ओळीतलं घर, दार थेट रस्त्यावर उघडणारं. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"मी सॉरी म्हणायला आले," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"त्या दिवशी मी तुला क्लीनर म्हणाले."

"क्लीनर आहेच की मी. त्यात काय?" ती म्हणाली. "पण तू ते असं म्हणालीस, जशी काही तुझ्या बुटाला घाण लागलीय."

मग मी ते दुसरंही सांगून टाकलं. क्रेडिटांचं, कन्सल्टंटांचं, यजमानांनी त्यांना फोन केला असणार त्याचं.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याने फोन केला तेव्हा मी त्याच्याच ऑफिसात केराची टोपली रिकामी करत होते. क्लीनर समोर असली तर लोक बोलायचे थांबतात थोडेच."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू सांगतेस का ते बघत होते."

एवढं बोलून तिने दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

घरी येऊन मी यजमानांना विचारलं, "तुम्ही फोन केला तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

"कोणी नव्हतं," ते म्हणाले. "का गं?"

"नीट आठवा."

"अगं, कोणी नव्हतं म्हणतोय ना. आणि एक फोन केला तर काय बिघडलं? तुझं काम झालं ना?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच ती दिसली नव्हती. त्या माणसाबरोबर मी तेरा वर्षं जेवत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या ताटात वाढताना माझा हात मागे आला. पण त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला कुठे होता? त्यांना ती दिसलीच नव्हती. मला दिसली होती, तरी मी तसं बोलले होते.

मग मी कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना पत्र लिहिलं. माझी चार क्रेडिटं कशी मिळाली ते सगळं त्यात लिहिलं, आणि विचारलं की ज्या बाईने तेच विषय, त्याच वर्गात, माझ्यापेक्षा चांगले केले तिला का नाही. दोन महिने उत्तर नाही. मी परत लिहिलं, गव्हर्निंग बॉडीलाही प्रत धाडली. यजमान आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना त्या कन्सल्टंटांच्या समोर रोज उभं राहायचं होतं. अखेर कॉलेजचं तीन ओळींचं पत्र आलं. कार्यालयीन चूक झाली होती, ती दुरुस्त केली आहे, संबंधित विद्यार्थिनीस प्रमाणपत्र पाठवण्यात येत आहे. माझ्या क्रेडिटांबद्दल एक अक्षर नव्हतं. दिलगिरीचंही नव्हतं.

तिचा फोन आला. त्या दारातल्या बोलण्यानंतर कित्येक महिन्यांनी आवाज ऐकला.

"आलं सर्टिफिकेट," ती म्हणाली. "मी ठेवून घेतलंय. माझ्या कष्टाचं आहे ते. पण ते तुझ्या पत्रामुळे आलं, हे मला आवडलेलं नाही. तुझ्या नवऱ्याच्या फोनने तुझं आलं, तुझ्या पत्राने माझं. आपापलं कधी येणार?"

"तू युनिव्हर्सिटीत ये ना," मी म्हटलं. "मी मदत करीन."

"नको लव्ह," ती म्हणाली. नंतर कळलं, ती हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांच्या युनियनचं काम बघायला लागली. वॉर्डांची सफाई बाहेरच्या कंपनीला दिली तेव्हा मॅनेजरांच्या मीटिंगमध्ये आकडे मांडायला तीच उभी राहिली म्हणे, सरासरी आणि मध्यक दोन्ही सांगत. हे मला यजमानांनी सांगितलं. म्हणाले, "ती कोण बाई आहे कोण जाणे, फार तिखट आहे."

मला डिग्री मिळाली तेव्हा नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. मंडळाने गणपतीत माझा सत्कार ठेवला. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये मखर, समोर घडीच्या खुर्च्या, पाहुण्यांमध्ये थेट लंडनमधल्या वेम्बलीहून आलेले लोक. सर्जनच्या बायकोने मला शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइकवर म्हणाल्या, "संसार सांभाळून, कोणाची मदत न घेता, स्वतःच्या बळावर! आपल्या मुलींनी वहिनींचा आदर्श ठेवावा." खिचडी म्हणणाऱ्या त्याच. यजमान पहिल्या रांगेत होते. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच.

मला दोन शब्द बोला म्हणाले. मी घरून ठरवून आले होते की आज सगळं सांगायचं. माइकशी उभी राहिले. समोर माझ्या दोघी मुली बसल्या होत्या, धाकटी कॅमेरा रोखून. मी म्हणाले, "सगळ्यांचे मनापासून आभार," आणि नमस्कार केला. कोणीतरी पुढे येऊन माझ्या तोंडात पेढा कोंबला. तो ओशट होता, जुन्या खव्याचा, टाळूला चिकटणारा. सगळे बघत होते. मी तो हसत हसत गिळला.